मशीनच्या नावावर गेलेली घोषणा

अन्याय झाला तो आमच्या घोषणावाल्या काकांवर. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराला, तहसीलच्या फाटकासमोर. करणारं सरकार नव्हतं. मी होते.

काकांपुढं कुणी कागद धरला की ते आधी दोन बोटं गळ्याला लावायचे आणि विचारायचे, "दम कुठं घ्यायचा?" मोर्च्याची घोषणा असो, नाहीतर कुणाच्या लेकीच्या लग्नाचं आमंत्रण. ह्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढं वाचायचे नाहीत.

गोरेगावच्या बाजारात तुम्ही त्यांना पाहिलं असेल. आडतीवर सोयाबीनची पोती उचलायचे, भुवयांवर कायम धूळ. पण अंगणवाडीताईंचा मोर्चा असो की रस्त्याचा, घोषणा त्यांचीच. ओळ सुचली की ते बंजाऱ्यांच्या तांड्यावर जायचे. तिथं एक म्हातारी आहे, सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणतात. मोर्च्यात सगळ्यांत मागं तीच असते. काका तिच्यासोबत तांड्यापासून फाट्यापर्यंत चालायचे आणि चालता चालता ओळ म्हणायला लावायचे. जिथं तिला धाप लागली, तिथला शब्द गेला.

"काहून एवढं लंबं करतो रे?" याडी खेकसायची. "एक काढ."

"काढला. आता म्हण."

"आजून एक काढ."

मी पत्रकं लिहिते. संघटनेच्या शिबिरात शिकले आहे: मागणी, कारण, इशारा. माझ्या पत्रकात लोक भजी बांधून न्यायचे. काकांच्या ओळी मात्र लेकरं म्हशी हाकताना म्हणायची. एकदा एका वरातीत पोरांनी बँडच्या तालावर त्यांची पाण्याची घोषणा म्हटली आणि नवरदेवासकट सगळे नाचले. मी तिथून न जेवता निघाले. डोकं दुखतंय, असं सांगितलं. डोकं नव्हतं दुखत.

मग तांड्याची सकाळची एसटी बंद झाली. तिथल्या पोरी त्या गाडीनं शाळेत यायच्या. दोघी घरी बसल्या, आणि त्यातल्या एकीला बघायला पाहुणे येऊन गेले. नववीतली पोरगी. मोर्चा ठरला. बैठकीत काका म्हणाले, "दोन दिस द्या. याडीला घेऊन चालून बघतो."

मी मोबाईल काढला. "दोन दिवस कशाला, काका? एआय एका मिनिटात देतं."

काकांच्या जुन्या सगळ्या घोषणा माझ्या वहीत होत्या. जळणारं माणूस नोंद चोख ठेवतं. बसल्या जागी त्या मी मोबाईलमध्ये घातल्या आणि म्हटलं, अशाच दे. चाळीस आल्या. यमक चोख, कुठं खोट नाही.

काकांनी यादी वाचली. दोन बोटं गळ्याला. "बऱ्या हायेत. माझ्याच वळणाच्या दिसून राहिल्यात. पण पोरी, दम कुठं घ्यायचा?"

"माईक आहे ना, काका!"

सगळे हसले. काकाही हसले. त्याचाच मला जास्त राग आला.

मोर्च्याच्या दिवशी माईक माझ्या हातात होता. "शिक्षणाच्या वाटेवरती स्वप्नांना चाकं द्या, लेकींच्या उद्यासाठी आजच एसटी सुरू करा!" पहिल्यांदा सगळे म्हणाले. दुसऱ्यांदा अर्धे 'स्वप्नांना'पाशीच थांबले. तिसऱ्यांदा भोंग्यातून माझा एकटीचाच आवाज. फाटकावरच्या शिपायानं तोंडावर रुमाल धरला.

तेवढ्यात पार मागून याडीचा चिरका आवाज आला.

"एस्टी येऊ द्या दारात!"

आणि तांड्याच्या साऱ्या बाया, "लेक जाऊ द्या वर्गात!"

काकांनी ते दोन दिवस घेतलेच होते, कुणाला न सांगता. ओळ मागून पुढं आली, माझ्या अंगावरून गेली आणि फाटकावर आदळली. शाळेच्या पोरी, चहावाला, जीपवाले, सगळे तेच म्हणू लागले. माझ्या हातातला माईक कुणालाच नको होता. तहसीलदार साहेब बाहेर आले, डेपोशी बोलले आणि सोमवारपासून गाडी सोडायचं लेखी देऊन गेले.

एका वार्ताहरानं विचारलं, "ताई, घोषणा भारी आहे. कुणाची?"

काका दहा पावलांवर होते, याडीला तांब्यानं पाणी देत. मी म्हणाले, "एआयची. मोबाईलवर बनवली आम्ही."

दुसऱ्या दिवशी तसंच छापून आलं. जिल्हाभर कौतुक झालं, मशीनचं.

काका भांडायला आले नाहीत. मीच आडतीवर गेले. पोतं खाली ठेवून त्यांनी फक्त विचारलं, "माझी होती तवा तू जळत होती. मशिनीची झाली तवा तुला बरं वाटलं. काहून?"

उत्तर मला येत होतं. मशीनच्या नावानं कुणी वरातीत नाचत नाही. ती माझ्या शेजारी बसून चहा पीत नाही. माझ्याहून कमी शिकलेली, माझ्याच गावची नसते. ती जिंकली तर मी हरत नाही.

त्यानंतर काकांनी एकही ओळ केली नाही. पाठ गेली म्हणून आता ते जवळा बाजारला लेकीकडं असतात. त्यांच्यामागं झालेल्या दोन मोर्च्यांत घोषणा मोबाईलच्याच होत्या. याडी दोन्हीला आली, मागं चालली, आणि गप्प राहिली.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्या दिवशी घेतलं नाही, आता माझ्या लेखाला शोभा म्हणून घेणार नाही. तुम्ही जा. गोरेगावहून तांड्याच्या एसटीत बसा आणि कुठल्याही पोरीला विचारा, ही गाडी कुणाच्या ओळीनं आली. नाव ती सांगेल. मग ज्या ज्या माणसानं ती बातमी वाचली, त्याला गाठा आणि ते नाव त्याच्या तोंडावर सांगा. माझ्यासमोर सांगितलंत तरी चालेल. मी जळेन. तुम्ही सांगा.