सूतभर सरकलेला लाल

कागद उजेडाकडे धरायचा, डावा डोळा मिटायचा, मान जराशी तिरपी करायची आणि एकच शब्द बोलायचा: "बसला."

दारव्ह्याच्या बाजाररस्त्यावर लग्नपत्रिका छापणारे काकाजी मला आठवतात ते याच शब्दानं. रंग बसला, म्हणजे एकावर एक छापलेले दोन रंग जिथल्या तिथं आले. डोळा मिटून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सुतार बघतो, गवंडी बघतो. त्यामुळे काकाजी डोळा का मिटतात, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. मी शाळेतली चित्रकलेची बाई. 'नीट बघा रे, नीट बघा' म्हणून पोरांसमोर दिवसभर घसा कोरडा करते. बोलायला काय जातं!

त्यांच्याकडे मोठं मशीन नव्हतं. लाकडी चौकटीला ताणून बसवलेली बारीक जाळी, तिच्यावर शाई, आणि ती शाई ओढायला रबरी पट्टी. काळ्याची चौकट वेगळी, लालची वेगळी. कागद दोनदा चौकटीखाली जायचा आणि दुसऱ्यांदा तो पहिल्याच जागी बसावा लागायचा. हे सगळं हातानं आणि नजरेनं. "काळ्यात चूक लपते बाई," ते म्हणायचे. "लालात नाही लपत. लाल चुगलखोर हाय."

माणसंही ते याच मापानं मोजायचे. कोणाची गुंडी एक घर चुकून लागलेली असो, कोणी प्यायलेला असो, की निवडणुकीला उभा राहिलेला असो, काकाजी डोळा मिटून त्याच्याकडे बघायचे आणि हळूच म्हणायचे, "याचा लाल सरकला हाय."

प्रत्येक कामाचा पहिला कागद ते बाजूला काढायचे. त्याच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचे आणि महिन्यातून एकदा कळंबला जाऊन ते सगळे कागद चिंतामणी गणपतीच्या पायाशी ठेवायचे. त्यात लग्नपत्रिका असायच्या, बारशाची कार्डं असायची, एकदा तर पिठाच्या गिरणीची पावतीही होती. काकू, म्हणजे त्यांची बायको, हसायच्या. "देवाले काय दळण आणाचं हाय?" त्यावर काकाजी म्हणायचे, "काम कोणतंबी असो, विघ्न सारखंच येते."

त्यांच्याकडे मी आमच्या बँडचं काम घेऊन गेले. बँडचं नाव 'तुराटी', म्हणजे तुरीची वाळलेली काडी. चौघं होते. गाणारा गजू, दिवसा मोबाइल दुरुस्त करायचा. ढोलकवाला जवळच्या तांड्यावरचा, त्याचं एक गाणं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत होतं. बाकी दोघं गिटारवाले. मी गात नाही, वाजवत नाही. पोस्टर, चित्रं आणि भांडणं माझ्याकडे. पहिला अल्बम तयार झाला होता. गाणी तर फोनवरच ऐकायची, सीडी लावायला आता कोणाकडे काही नाही. पण कार्यक्रमाला आलेल्या माणसाच्या हातात काही तरी ठेवावं असं आम्हाला वाटत होतं. हातात काही नसलं की लोक बँडला ऑर्केस्ट्रा समजतात. म्हणून ठरलं, लग्नपत्रिकेचं असतं तसं पाकीट करायचं. आत गाण्यांचे शब्द छापलेली कार्डं आणि एका कार्डावर फोननं स्कॅन करायचा कोड.

"म्हंजे लग्न नाही, पण पत्रिका पाह्यजे," काकाजी म्हणाले.

"हो काकाजी."

"नवरी कोण?"

"गाणं," गजू म्हणाला.

"आन ऐकणारा?"

"त्यानं नुसतं जेवून जायचं."

काकाजी हसले. पाकिटावरचं चित्र माझं होतं. तुराट्यांचं कुंपण काळ्या रेघांत, आणि त्यावर वाळत घातलेलं लाल लुगडं. सरळ, साधं. "लुगडं कुंपणावर बरोब्बर बसवतो," ते म्हणाले. "एक धागा इकडं तिकडं होणार नाही."

तीनशे पाकिटं न्यायला मी आणि गजू गेलो, तेव्हा गठ्ठे तयार होते. वरचं पाकीट मी उचललं. लाल सरकला होता. थोडाथोडका नाही, चांगला सूतभर. लुगडं कुंपणावरून उतरून निघाल्यासारखं दिसत होतं, त्याच्या काळ्या काठाला सोडून. खालचं पाकीट काढलं, त्याच्या खालचं काढलं. सगळी तशीच.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गजूनं माझा हात दाबला. "ताई," तो कानाशी कुजबुजला, "हे तर जबरदस्त दिसून राह्यलं. चित्र हालून राह्यलं पाह्य."

आणि खरंच हलत होतं. माझं शाळामास्तरी चित्र होतं, त्याला एकदम जीव आला होता. तापलेल्या दुपारी वावराकडे बघितल्यावर सगळं कसं थरथरतं, तसं. आम्हाला तेच हवं होतं आणि ते आम्हाला काढता येत नव्हतं.

काकाजींनी एक पाकीट उजेडाकडे धरलं. डावा डोळा मिटला. मान तिरपी केली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बसला का, बाई?"

इतक्या वर्षांत त्यांनी 'का' कधी लावला नव्हता.

आता माझी अडचण बघा. मी 'सरकला' म्हणाले असते, तर त्यांनी ती तीनशे पाकिटं दुकानाबाहेर जाऊच दिली नसती. फाडली असती आणि पुन्हा छापून दिली असती, अगदी बरोबर, अगदी मेलेली. मला ती सरकलेलीच हवी होती.

"बसला, काकाजी."

त्यांनी श्वास सोडला. गठ्ठ्याला सुतळी बांधता बांधता म्हणाले, "मंग ठीक हाय. पोरगं मागं लागलं हाय, वणीले या, डोळे दाखवू म्हणते. म्या म्हटलं, थांब, ड्रॉइंगवाली बाई येऊन राह्यली, तिले इचारतो. तिनं बसला म्हटलं, तर डोळ्याले काही धाड नाही भरली."

हे मी ऐकलं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. मी गठ्ठा उचलला आणि गजूच्या गाडीवर मागे बसले.

पाकीट गाजलं. गाण्यांच्या आधी पाकीट गाजलं. पुण्याच्या कोणी तरी त्याचा फोटो टाकून लिहिलं, की हा ढळलेला लाल रंग म्हणजेच या बँडचा आवाज आहे, खडबडीत आणि अस्वस्थ. झालं! आमची पोरं तोवर चारचौघांसारखी होती, ती एका रात्रीत अस्वस्थ झाली. गजू जुने सदरे शोधायला लागला. स्टेजमागचा पडदा मी मुद्दाम सरकलेल्या रंगात रंगवला. नागपूरच्या एका कार्यक्रमात मला विचारलं, ही कल्पना सुचली कशी? मी म्हणाले, "आमच्याकडच्या दुपारीवरून." टाळ्या पडल्या. मला तिथल्या तिथं लाज वाटली, पण मी नमस्कार केला.

दारव्ह्यात काकाजी भेटायचे ते खुशीत. पहिलं पाकीट हळदकुंकू लावून कळंबला पोहोचलं होतं. दुसरं त्यांनी स्वतःकडे पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. "लोकं वाखाणून राह्यले म्हणते," ते म्हणायचे. "बसलेला रंग कोणालेबी दिसते, बाई." वणीला डोळे दाखवायला ते गेले नाहीत. कशाला जातील? मी तपासून दिले होते ना.

पुढच्या लग्नसराईत एका घरच्या पत्रिका त्यांनी छापायला घेतल्या. लालवर सोनेरी. सोनेरी अक्षरं खालच्या ओळीवर चढली, नवरीचं नाव वाचताच येईना. बाजाराचा दिवस होता. नवरीच्या बापानं भर गर्दीत गठ्ठा टेबलावर आपटला आणि म्हणाला, "आंधळे झाले का, काकाजी?" काकू सांगत होत्या, काकाजींनी त्यातली एक पत्रिका उचलली, उजेडाकडे धरली, डोळा मिटला, आणि तसेच उभे राहिले. पाच मिनिटं. मग म्हणाले, "मले दिसून नाही राह्यलं."

मुलानं वणीला नेलं. काचबिंदू निघाला. डावा डोळा कधीचाच गेलेला होता. तो मिटून ते आयुष्यभर उजव्यानं काम करत होते. आता उजवाही गेला. डॉक्टर म्हणाले, यात गेलेली नजर परत येत नाही, पण असलेली राखता येते. पाच-सहा महिने आधी यायला हवं होतं.

पाच-सहा महिने. मी बोटांवर हिशेब केला नाही. गरज नव्हती.

त्यानंतर वर्षभर मी त्या रस्त्यानं गेले नाही. शाळेत जायला लांबचा रस्ता धरला. दुसरा अल्बम आला. पाकीट 'तसंच' हवं म्हणून सगळे अडून बसले, आणि मी संगणकावर लाल थर धरून सूतभर डावीकडे ओढला. नागपूरला मोठ्या प्रेसमध्ये छापून घेतलं. ते पाकीट घेऊन मी अखेर काकाजींकडे गेले. कशासाठी गेले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक सांगून मोकळं व्हावं म्हणून.

शटर बंद होतं. काकाजी पुढच्या ओट्यावर बसले होते. आवाजावरून त्यांनी ओळखलं. "ये व माय. काहून नाही आली इतके दिवस?" काकूंनी आतून चहा ठेवल्याचं ओरडून सांगितलं.

मी पाकीट हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला. "हे हातचं नाही. लय गुळगुळीत हाय." मग पाकीट उजेडाकडे धरलं, डावा डोळा मिटला, मान तिरपी केली. "बसला का?"

"नाही काकाजी. मुद्दाम सरकवलाय."

"मुद्दाम? कायले?"

"पहिलं तसं होतं म्हणून. लोकांना ते तसंच आवडलं होतं."

ओट्यावर शेजारी तोच पत्र्याचा डबा होता. त्यातून त्यांनी आमचं पहिलं पाकीट काढलं. त्यांच्या छपाईची शाई कागदावर जाड बसायची, बोटाला लागायची. त्यांनी नख फिरवलं. "हा काळा," ते म्हणाले. नख थोडं पुढे नेलं. "हा लाल. मधात सूतभर. डोळे गेल्यावर बोटानं दिसलं मले."



"म्या हिले सांगतलं," त्यांनी आत काकूंच्या दिशेनं मान केली, "पोट्टीची काही चूक नाही. छपाईत नवी हाय, तिची नजर अजून तयार नाही झाली. तिले दिसलंच नसंन. दिसलं असतं तं सांगतलं असतं तिनं."

चहाचे कप वाजले. मला वाटलं, अजूनही 'नव्हतं दिसलं' म्हणता येईल. पण 'पहिलं तसं होतं' हे मी स्वतःच सांगून बसले होते.

"तुले दिसलं होतं."

"हो, काकाजी."

त्यांनी माझ्या बाजूला तोंड केलं. डावा डोळा अजून मिटलेलाच होता.

"मंग नजर चांगली हाय तुही," ते म्हणाले.

पहिलं पाकीट त्यांनी परत डब्यात ठेवलं नाही. चाचपत माझा हात शोधला आणि दोन्ही पाकिटं माझ्या हातात दिली. काकूंनी चहा आणला. मी तो प्यायले. थोड्या दिवसांनी मुलगा दोघांना वणीला घेऊन गेला, आणि डबा ओट्यावर रिकामाच राहिला.