सहा आठवड्यांत जमणार नाही

मी जर्मनीला निघाले तेव्हा आई विमानतळावर आली नाही. विश्रांतवाडीच्या आमच्या छोट्या कारखान्यात पंपांना लागणारी रबरी सील बनतात आणि त्या दुपारी माल रवाना व्हायचा होता. "पोचलीस की कळव. रडायचं असेल तर विमानात रड, इथे ट्रक भरायचाय," एवढाच तिचा निरोप समारंभ. बाबा गेल्यापासून कारखाना तीच चालवते, त्यामुळे रुसायचीही सोय नव्हती. मी विमानात रडले.

पुण्याबाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आपल्या तुटक बोलण्याची किती टिंगल होते. मीही इथे जर्मनीत पंपांच्या कंपनीत पर्चेस डिपार्टमेंटला लागल्यावर गोड बोलायला शिकले.

गेल्या वर्षी आईचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्वस्त चिनी मालाकडे वळलं. अर्धी मशिनं बंद पडली, कारखाना राहतो की जातो अशी वेळ. त्याच सुमारास आमच्या कंपनीने सीलसाठी जगभरातून कोटेशनं मागवली आणि आईनेही पाठवलं. नातं मी आधीच सांगून टाकलं होतं, म्हणून मला निवडीपासून लांब ठेवलं. तरी राहवेना. फोनवर विचारलं, "साहेबांकडे शब्द टाकू का?"

"ओळखीवरच विकायचा असता तर माल चांगला कशाला केला असता?" आई म्हणाली.

माल सहा आठवड्यांत हवा होता. बाकी सगळीकडून 'हो' आलं. ऑर्डर आईला दिल्यावर साहेबांनी मला तिचं उत्तर वाचून दाखवलं: "सहा आठवड्यांत जमणार नाही. तेलात बुडवून तपासल्याशिवाय आम्ही सील पाठवत नाही. दहा लागतील. घाई असेल तर दुसरीकडे बघावे."

"नमुने उत्तम होतेच," साहेब म्हणाले. "पण हो म्हणून उशीर करणारे खूप भेटतात. या बाईंच्या तारखेवर विसंबता येईल."

आपली ती बदनाम पुणेरी पाटी, तिनेच आमचा कारखाना तारला होता!

इथे फ्लॅट आहे, सायकल आहे, शेजारीण हाक मारते. पण घर म्हणाल तर जिथे नाही म्हणजे नाही आणि दहा म्हणजे दहा, तेच.

दहाव्या आठवड्यात ट्रक यायचा होता. मला सोडायला आई आली नव्हती. तिचा माल घ्यायला मी मात्र कंपनीच्या गोदामाच्या दारात आधीच जाऊन उभी होते. पहिला खोका उतरला तसा फोन लावला.

"आई, पोचला."

"मग? दहा सांगितले होते ना."

या वेळी मी गोदामातच रडले.