मोहाखालचा खराटा

दरेकशाच्या जंगलात मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन साफ होते, फुलं दिसतात. सुकवारोबाई मात्र पहाटे येऊन खराट्यानं झाडायच्या. तेही दर दोन हातांवर थांबून, वाकून पाल्याला विचारत, "कोनी हाये काय जी?" बाकीच्या बाया हसायच्या. हे वेड त्यांना मी लावलं होतं.

बाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. एकदा मी नकाशावर भलत्याच महासागरात बोट ठेवून पॅसिफिकमधल्या वेक बेटावरच्या पक्ष्याची गोष्ट सांगत होतो. कोंबडीहून लहान, उडता न येणारा, जमिनीवरच राहणारा. महायुद्धात तिथं अडकलेल्या उपाशी सैनिकांनी तो खाऊन संपवला. दारातून बाईंचा आवाज आला, "एकबी नाही राहली?"

"एकही नाही."

"भुकेल्याले बोल नाही लावत मी. पन शेवटची कोनती, हे खानाऱ्याले ठाव होतं काय, गुरुजी?"

मी मुलांना पाढे म्हणायला लावले.

तेव्हापासून बाईंच्या जिवाला घोर लागला. तांदूळ निवडता निवडता मधेच थांबायच्या. "रानकोंबडी बी खालीच अंडी घालते. आपुन जाळून राहिलो."

"रानकोंबड्या पुष्कळ आहेत, बाई."

"त्या बेटावरबी असंच म्हनत असतीन."

एका रविवारी त्यांना ताप होता. म्हटलं, त्यांच्या झाडाखाली आपण झाडून ठेवू. दहा मिनिटांत माझी कंबर गेली आणि मी, गोष्ट सांगणारा गुरुजी, खिशातून आगपेटी काढली. पाला भुरकन पेटला. धूर पाहून बाई तापातच धावत आल्या.

"त्या झुडपाखाली थे बसली हाये!"

पळसाची फांदी मोडून त्या आग झोडपत सुटल्या. मीही झोडपली, निम्मी माझ्याच पायांवर. आग झुडपापासून हातभरावर विझली, तशी रानकोंबडी फडफडत रानात गेली.

"आता हटा. तुमी दिसले तं थे येनार नाही. अंडी थंडी पडतीन."

तो दिवस मी घरात येरझाऱ्या घालण्यात काढला. सोमवारी शाळेत तीनदा चुलीपर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा पाणी पिऊन परतलो. बाई भाजल्या हाताला फडकं बांधून खिचडी ढवळत होत्या. चौथ्यांदा त्याच म्हणाल्या, "इचारत काऊन नाही?"

"भीती वाटते."

"वाटालेच पायजे."

मी धीर केला. "अंडी किती वाचली?"

त्यांनी वर न पाहता खिचडीत मीठ टाकलं. "मोजाले तिले उठवू काय?"