शुभदा मॅडम, मुलुंडच्या सेंटरमधल्या

शुभदा मॅडम गेल्या. मी त्यांची पेशंट होते.

दुसरं वाक्य ही पोस्ट वाचणाऱ्या बऱ्याच जणांना नवीन असेल. असू दे.

सव्विसाव्या वर्षी मला आवाज ऐकू यायला लागले. स्किझोफ्रेनिया.
गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण तोवर नोकरी गेली होती, मैत्रिणी तुटल्या होत्या.
सहा वर्षं मी कांजूरमार्गच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून काढली.

मग दादाने मुलुंडच्या रिहॅब सेंटरमध्ये नेलं. शुभदा मॅडम तिथे सायकॉलॉजिस्ट होत्या. वाटलं, आता परत आवाजांबद्दल विचारणार.

त्यांनी विचारलं, सकाळचा चहा कोण करतं?
म्हटलं, वहिनी.
"उद्यापासून तू कर. वहिनीलाही दे."

आठ दिवस वहिनीने माझ्या हातचा चहा नुसता बघितला. नवव्या दिवशी प्यायली. साखर कमी आहे म्हणाली.
मी मोरीत जाऊन रडले.

मग बसचा प्रवास.
पहिल्यांदा मॅडम शेजारी बसल्या. मग मागच्या सीटवर. नंतर एक दिवस मी एकटी, आणि त्या मुलुंडच्या स्टॉपवर उभ्या.
उतरले तर म्हणाल्या, "लेट झालीस. चल."
बस्स, एवढंच.

इंटरव्ह्यूत एवढ्या वर्षांच्या गॅपबद्दल काय सांगायचं, याची आम्ही महिनाभर प्रॅक्टिस केली.
भांडुपच्या त्या ऑफिसात आज मला सात वर्षं झाली.

काल मॅडमच्या घरी गेले. हॉलभर अनोळखी माणसं.
कोपऱ्यात सेंटरमधला एक जण दिसला. वर्षभर आम्ही एकाच टेबलावर कागदी पिशव्या चिकटवायचो.
त्याने मला पाहिलं, मी त्याला.
दोघांनीही नजर वळवली.

मॅडमच्या मुलीने विचारलं, तुम्ही आईच्या कोण?
म्हटलं, ओळखीची.
आणि निघाले.

मॅडमचा एक नियम होता. सेंटर सोडताना मला सांगितला होता.
"बाहेर भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तू दाखवलीस तरच."

या सात वर्षांत त्या मला दोनदा दिसल्या, मुलुंडच्या मार्केटमध्ये.
दोन्ही वेळा माझ्याबरोबर ऑफिसमधलं कुणीतरी होतं.
दोन्ही वेळा मी पुढे निघून गेले. त्या भाजी निवडत राहिल्या.

मॅडम, माफ करा.
तेव्हाचा नमस्कार राहिला, तो आज इथे, सगळ्यांसमोर करते.
नीट जा.