लंबगोलातला कुरामोची

आमच्या वर्गाच्या सहाही वार्षिक फोटोंत इसाओ कुरामोची आहे, पण रांगेत एकदाही नाही. आमच्याकडे फोटोच्या दिवशी जो गैरहजर, त्याचं तोंड नंतर वेगळं टिपून वरच्या कोपऱ्यात लंबगोलात चिकटवतात. पहिलीत त्याला गालगुंड झालं. तिसरीत बापाने होडीवर नेलं. सहावीत तर स्वारी सगळ्यांच्या आधी हजर होती. पण बाईंनी मुख्याध्यापकांसाठी खुर्ची आणायला पिटाळलं, आणि खुर्ची येईपर्यंत फोटोवाल्या निशिवाकींची फिल्म संपली. तेव्हापासून गावाने त्याचं नावच लंबगोल ठेवलं.

लग्नातही तेच. शिळी कालवं खाऊन नवरदेव ऐन फोटोच्या वेळी संडासात. निशिवाकींना पुढचं लग्न गाठायचं होतं. त्यामुळे नवरी नोबुयो रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेली आणि नवरा वर आभाळात. पुढे कित्येक वर्षं पाहुणे तो फोटो बघून नोबुयोला हळूच विचारायचे, "कशाने गेले हो?" तेवढ्यात कुरामोची आतून चहा घेऊन यायचा.

यंदा शाळा पाडायची ठरली. गावात पोरंच उरली नाहीत. आमचा हिसामित्सू सहावीत मॉनिटर झाला तो एकाहत्तराव्या वर्षीही उतरलेला नाही. त्याने फर्मान काढलं, शाळेच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा शेवटचा फोटो. कुरामोची माझ्या लोणच्याच्या दुकानात आला. आठवड्यात दोनदा केस कापून घेतले होते.

"तोकिए, ह्या वेळी मी रांगेत उभा राहणार. मरायच्या आधी एकदा तरी."

"त्याच दिवशी मरू नकोस म्हणजे झालं," मी म्हटलं.

मग कुणीतरी शोध लावला की निशिवाकींची मुलगी चिझुरू आता कॉम्प्युटरवर माणसं कापून हव्या त्या जागी उभी करते. झालं. एकाचे गुडघे दुखायला लागले, एकीची कवळी दुरुस्तीला गेली. बावीस जणांनी घरूनच फोटो पाठवले. मी शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहते, तरी मीही पाठवला. खोटं कशाला बोलू, टीव्हीवर सुमोची कुस्ती होती.

कुरामोचीला सगळं कळवलं होतं. तो म्हणाला, "हजर तो वजीर," आणि सूट घालून गेला. चिझुरू सांगत होती, तो दोन्हीकडे जागा सोडून मधोमध उभा राहिला, आणि डावीकडच्या रिकाम्या जागेला म्हणाला, "जरा सरक रे."

फोटो तयार झाला. हिसामित्सूचा फोन आला. "झकास जमलाय. फक्त तो लंबगोल तेवढा चिकटवल्यासारखा वाटतो."

"अरे, तो एकटाच खरा आला होता."

"असेल गं. पण वाटत नाही ना."

बोलण्यात तथ्य होतं, हेच वाईट. आम्ही बावीस जण कसे गुळगुळीत, घरच्या दिव्याखालचे. हा मात्र उन्हाने डोळे बारीक केलेला, टाय वाऱ्याने खांद्यावर गेलेला. हिसामित्सूने मतं घेतली. ठरलं, एरवीसारखा त्याला वर घालायचा, म्हणजे फोटो नैसर्गिक दिसेल. मी विरोध करायला हवा होता. गप्प बसले, त्याची अजून लाज वाटते.

चिझुरू विचारायला गेली तेव्हा कुरामोची कपबशा विसळत होता. बराच वेळ एकच कप विसळत राहिला. मग म्हणाला, "सगळ्यांना बरं दिसत असेल तर घाल."

फोटो नगरपालिकेच्या सभागृहात लागला. पाहायला मात्र सगळे जातीने हजर. चिझुरूने कुरामोचीला उचलून वर ठेवलं होतं, पण त्याची सावली पुसायची राहून गेली होती. आम्हा बावीस जणांच्या पायाखाली काहीच नाही, आणि मधल्या मोकळ्या जागेतून पायऱ्यांवर एक लांब सावली पडलेली.

"पूस ती आधी," हिसामित्सू चिझुरूवर डाफरला. "भुताटकी वाटते."

"हात लावून बघा कुणी," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझा आवाज त्याच्यापेक्षा मोठा निघाला.

कुरामोचीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. लंबगोलाकडे त्याने पाहिलंही नाही. नोबुयोला पुढे घेऊन त्याने काचेवर, सावलीवर बोट ठेवलं.

"हा बघ मी. खाली, रांगेत."

नोबुयोने चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि वाकून नीट पाहिलं.

"टाय तरी सरळ करायचा होतात," ती म्हणाली.