कमलला वाचून दाखवणारी

सोयाबीनची काढणी चालू होती तेव्हा मेडशीहून कमलच्या सुनेचा फोन आला. "मावशी, आई गेल्या... सकाळी चहा घेता घेता." मी रिसोडला लेकाकडे होते. आणि मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगायची लाज वाटते. म्हटलं, बरं झालं, आता त्या मोबाइलमधल्या बाईचंही कुणी ऐकणार नाही! महिना उलटला, तरी तो जळफळाट काही पुरता गेलेला नाही.

कमल माझी लहानपणची मैत्रीण. चौथीत तिची शाळा सुटली, आणि मी त्याच गावात मास्तरीण झाले. शाळेच्या पेटीतलं पोरांचं पुस्तक घ्यायचं आणि दुपारी तिच्या ओसरीवर वाचून दाखवायचं, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम. ती तूर निवडायची, मी वाचायची. सूप संपलं की वाचन बंद, मग गोष्ट कितीही रंगात येवो. पुढं सुनेनं तिला मोबाइलवर ऑडिओबुक लावून दिलं आणि माझी जागा गेली. जावं तर बाईसाहेबांच्या कानात वायर. "थांब वो शांते, एवढं संपू दे." माझ्यासाठी कधी एक सूप जास्त घेतलं नव्हतं तिनं! एकदा म्हटलं, मी वाचते ना. तर म्हणे, "तू वाचतं कमी अन् शिकवतं जास्त. थे बाई नुसती सांगते." अंगाची नुसती लाही लाही झाली.

त्यातच ती वगारीची गोष्ट निघाली. एका पोरीची लाडकी वगार, म्हशीची तरणी पारडी, बाजारात विकली जाते आणि परत येत नाही, असं ते पुस्तक. मी ते वाचून दाखवलं तेव्हा कमलची थोरली लेक नुकतीच सासरी गेलेली, हिचे डोळे कोरडे होत नव्हते. मग शेवटचं पान मी माझ्या मनानंच वाचलं. वगारीला दावं तोडायला लावून घरी आणलं. आता त्या बाईनं कमलला खरा शेवट सांगून टाकला. वर त्याच पुस्तकाचा सिनेमा टीव्हीवर लागला, आम्ही शेजारी बसून पाहिला. त्यात तर वगार वाजतगाजत परत! कमल भडकली. "सिनेमावाल्याईनं अन् तूनं, दोघाईनं मले फसवलं. खरं सांगतलं थे त्या बाईनंच."

"मंग जाय तिच्यापाशीच!" म्हणत मी चपला घातल्या. दोन महिने गेले नाही. मग तो फोनच आला...

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तिची सात वर्षांची नात तेच पुस्तक घेऊन ओसरीवर माझ्याजवळ बसली. ठरवलं, या खेपेला छापलंय तेच वाचायचं. वगार गेली, मी पुस्तक मिटलं. पोरीनं ते परत उघडलं.

"असं नाई हाय. आजीच्या गोष्टीत वगार दावं तोडून येते."

"अन् मोबाइलात?"

"मोबाइलातलं आजी शेवटी बंद करून टाके. मंग म्हणे, आता शांताचं ऐक."

मी पदर डोळ्याला लावला. पोरगी समजूत काढल्यासारखी म्हणाली, "पण आजी तुमच्याहून चांगली सांगे."

माझीच थाप, आणि माझ्याहून चांगली! रडत होते, तशीच जळतही होते.