चौथी पायरी

घर विकायला काढलं तेव्हा दलालाने मावशींना एकच विनवणी केली होती. "मावशी, गिऱ्हाईक आलं की तुम्ही नुसत्या हसा. बोलायचं काम माझं."

पण मावशींचा जन्म शिवणकामात गेलेला. शिवलेला कपडा उलटा करून आतली शिवण दाखवल्याशिवाय त्यांनी तो कुणाच्या हातात दिला नव्हता. घराचंही तेच. गाव जुनं, घर जुनं, वारशाच्या यादीतलं, दर्शनी भिंतीत खिळा ठोकायचा तरी नगरपालिकेची परवानगी. एवढ्या कौतुकाने बघायला आलेल्या माणसाला मावशी आधी ओल धरणारी भिंत दाखवत, मग अडकणारी खिडकी आणि शेवटी जिन्याची चौथी पायरी. ती बाकीच्यांपेक्षा अंगठाभर उंच. नवखा माणूस तिथे ठेचकाळणारच. गिऱ्हाइकं चहा पिऊन जायची, ती जायचीच.

"तुम्ही घर विकताय की त्याच्या चुगल्या करताय?" दलाल कपाळाला हात लावायचा.

"मला हे घर ज्यांनी विकलं ना, त्या घड्याळजींनी असंच दाखवलं होतं. म्हणून या घराने मला कधी फसवलं नाही." घड्याळजींचे ते उपकार मावशी विसरल्या नव्हत्या.

आता मात्र गुडघे जिना चढू देईनात आणि लेक रोज फोन करून बोलावत होती. पलीकडचा लॉजवाला तर टपूनच बसला होता. दर्शनी भाग तसाच ठेवून आतलं सगळं पाडायचा त्याचा बेत. मावशींना इथे नांदतं घर हवं होतं, पण दुसरं कुणी मिळेना.

शेवटी दलालाने शक्कल लढवली. मावशी बाजारात गेल्याचं पाहून त्याने सुतार आणला, पायरी बाकीच्यांच्या बरोबरीला आणली आणि चकार शब्द काढला नाही.

त्याच दुपारी एक जोडपं घर बघायला आलं. सोबत सासरे होते, त्यांची नजर गेलेली. मावशी पुढे होऊन जिना चढू लागल्या. चौथ्या पायरीला सवयीने पाय उंच उचलला आणि तो धाडकन खाली आला. सुनेने सावरलं म्हणून बरं.

मावशी तिथेच बसल्या. त्यांनी दलालाकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला.

"आमचे हे शेवटी शेवटी वरच्या खोलीत अंथरुणाला खिळून होते," त्या म्हणाल्या. "या पायरीवर ज्याचा त्याचा पाय वेगळा वाजायचा. दूधवाल्याचा, लेकीचा, माझा. माझा वाजला की वरून हाक यायची, 'आलीस?' त्या हाकेसाठी मी काम नसलं तरी जिना चढायचे हो." आणि त्यांना रडू आवरेना.

खाली उभ्या असलेल्या सासऱ्यांनी काठीने पहिली पायरी चाचपली. मग म्हणाले, "घरात कोण आलं, कोण गेलं, मला कळत नाही. सारखं विचारायचीही लाज वाटते. ती पायरी होती तशी करून मिळेल का?"

मुलाने बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली. दलालाने मुकाट्याने सुताराला फोन लावला. चांगलं झालेलं काम बिघडवायला सांगायची त्याची ही पहिलीच वेळ.

व्यवहार झाला. आवराआवर होईपर्यंत नव्या मंडळींनी मावशींना तिथेच ठेवून घेतलं. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी असताना मावशी गुडघा धरत, वरच्या खोलीत राहायला आलेल्या सासऱ्यांचा निरोप घ्यायला जिना चढल्या. चौथ्या पायरीवर पाय वाजला.

"आलात, मावशी?" वरून हाक आली.

मावशींनी कठडा घट्ट धरला. घड्याळजींचे, घराचे, वरच्या माणसाचे, सगळ्यांचे आभार एकदम दाटून आले होते.

"आले हो," त्या म्हणाल्या.